एका छपराखालची मुले

पंथांनी एकत्र यावे, ही भाषा व्यासपीठावर सोपी असते. तिची खरी परीक्षा होते ती सहा-सात वर्षांच्या मुलाच्या प्रश्नापुढे. एकाच वर्गात शिकणारी, एकाच सभागृहात बसून एकच चित्र रंगविणारी दोन मुले प्रार्थनेच्या वेळी वेगळी होतात. एकाला पवित्र भाकरी मिळते, दुसऱ्याच्या मस्तकावर नुसता आशीर्वादाचा हात ठेवला जातो. ‘मला का नाही?’ हा त्याचा प्रश्न धर्मपंडितांच्या शे-दीडशे वर्षांच्या वादापेक्षा अवघड आहे, कारण त्याला आजच उत्तर द्यावे लागते. इंग्लंडमधील उपनगरांत निरनिराळे ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन ज्या सामाईक मंडळ्या चालवितात, त्यांच्या बाल व कुटुंब-कार्याचा विचार आम्हाला येथूनच सुरू करावासा वाटतो.

‘इक्युमेनिकल’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील ‘घर’ आहे. मनुष्यवस्तीने भरलेली सगळी पृथ्वी म्हणजे एक घर, असा त्याचा विस्तृत अर्थ. परंतु ब्रिटनमध्ये या शब्दाला घराचे रूप आले ते तत्त्वचर्चेपेक्षा विटा-चुन्याच्या गरजेतून. महायुद्धानंतर तेथे नवी शहरे वसविण्यात आली. मिल्टन कीन्सची घोषणा 1967 साली झाली. जेथे शेते होती तेथे हजारो घरे उभी राहिली, आणि प्रत्येक पंथाने आपापले देऊळ, आपापला पुरोहित व आपापले कर्ज घेऊन तेथे जाणे परवडणारे नव्हते. 1964 मध्ये नॉटिंगहॅम येथे भरलेल्या परिषदेने 1980 च्या ईस्टरपर्यंत पंथांचे ऐक्य व्हावे अशी उमेद बाळगली होती. 1969 मध्ये चर्चच्या इमारती सामाईकपणे वापरण्याचा कायदा झाला. अँग्लिकन, मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट, युनायटेड रिफॉर्म्ड यांनी अनेक वसाहतींत एका छपराखाली संसार मांडला. मिल्टन कीन्सच्या मध्यभागी उभारलेल्या ‘चर्च ऑफ क्राइस्ट द कॉर्नरस्टोन’मध्ये रोमन कॅथलिकही सहभागी झाले. 1992 साली त्या वास्तूचा समारंभ झाला तेव्हा राणी एलिझाबेथ, कँटरबरीचे आर्चबिशप व कार्डिनल ह्यूम असे तिघेही उपस्थित होते.

1980 चा ईस्टर आला आणि गेला; ऐक्य काही झाले नाही. अँग्लिकन व मेथॉडिस्ट यांच्या विलीनीकरणाची योजना तर त्याआधीच, 1972 साली, पुरेशा बहुमताअभावी बारगळली होती. जे इंग्लंडला जमले नाही ते येथे घडले होते हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानी आहे. ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ 1947 च्या सप्टेंबरात, म्हणजे स्वातंत्र्य मिळून पुरते दीड महिनाही झालेला नसताना, स्थापन झाले. ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात झाली, आणि मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग तिच्यात सामावला. ज्या पंथभेदांची बीजे परदेशी मिशनांनी येथे आणून पेरली, ती जपण्याचे कारण येथील माणसांना दिसले नाही. यात आपण फुशारकी मारावी असे काही नाही. आपल्या घरातील भेद आपण किती मिटविले, हा प्रश्न त्यानंतर लगेच उभा राहतो.

मुलांकडे वळू. रविवारची शाळा ही इंग्लंडची जुनी संस्था. ग्लॉस्टरचा रॉबर्ट रेक्स याने 1780 साली ती तेथे सुरू केली आणि तिचा गाजावाजाही केला. गाजावाजा करणे त्याला सोपे होते, कारण तो स्वतः वृत्तपत्राचा चालक होता. (आमच्या व्यवसायाच्या हातून एवढे एक तरी पुण्यकर्म घडले म्हणायचे!) आठवड्याचे सहा दिवस राबणारी मुले रविवारी रस्त्यावर उंडारत असत. त्यांना लिहायला नव्हे तरी वाचायला शिकवावे, हा त्यातला हेतू होता. तेव्हा ती शाळा खऱ्या अर्थाने शाळा होती. 1870 च्या कायद्यानंतर शिक्षण सरकारकडे गेले आणि रविवारच्या शाळेत धर्मपाठ तेवढा उरला. पुढे दूरचित्रवाणी आली, मोटार आली, रविवारी फुटबॉलचे सामने व दुकाने आली. घटस्फोटित आईबापांच्या मुलाचा एक रविवार आईकडे तर दुसरा वडिलांकडे जाऊ लागला. रविवारी सकाळी दहा वाजता मुले येतील, हे गृहीतच ढासळले.

यावर जो उपाय निघाला तो आम्हाला विशेष मननीय वाटतो. पोर्ट्‌समथजवळच्या काउप्लेन या उपनगरातील एका अँग्लिकन मंडळीने 2004 साली ‘मेसी चर्च’ नावाचा प्रकार सुरू केला. ‘मेसी’ म्हणजे पसारा घातलेले. महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यानंतरच्या वेळी, मुले एकटी न येता आईबापांसह येतात. चिखल, रंग, डिंक, कात्री घेऊन एखादी बायबलकथा हातांनी घडविली जाते. मग थोडी गाणी व प्रार्थना, आणि शेवटी सर्वांनी एकत्र बसून जेवण. दिवसभर राबून आलेल्या आईला त्या संध्याकाळी चूल पेटवावी लागत नाही, हे या योजनेचे सर्वात मोठे धर्मतत्त्व आहे असे आम्ही म्हटले तर कोणा पाद्रीबाबांनी रागावू नये. ही पद्धत तीसहून अधिक देशांत गेली, आणि सामाईक मंडळ्यांना ती फारच मानवली. एकट्या मेथॉडिस्टांकडे चार मुले, बाप्टिस्टांकडे सहा. एकत्र आल्यावर कुठे खोली भरल्यासारखी वाटते. एका पंथाला न परवडणारा पगारी कुटुंब-कार्यकर्ता तिघांना मिळून परवडतो.

परंतु चिखलाने माखलेले हात धुऊन झाले की जुने प्रश्न समोर येतात. तान्ह्या मुलाला अँग्लिकन व मेथॉडिस्ट बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट मात्र, स्वतःच्या श्रद्धेचा उच्चार करण्याइतका माणूस समर्थ झाल्यावाचून तो देत नाहीत. बाळासाठी आशीर्वादाची प्रार्थना करून थांबतात. आपल्याकडे ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी पांढऱ्या पोशाखातील मुलाचा पहिला कम्युनियन आपण सर्वांनीच पाहिला आहे. कॅथलिक मूल सातव्या वर्षाच्या सुमारास त्या अधिकाराला पोहोचते. अँग्लिकन परंपरेत दृढीकरणाचा विधी झाल्यावाचून तो मिळत नसे. 2006 पासून, बिशपच्या अनुमतीने, त्याआधीही तो देण्याचा नियम झाला. त्यातही कॅथलिकांना इतरांच्या वेदीवरचा प्रसाद घेण्याची त्यांच्या चर्चची सर्वसाधारण अनुज्ञा नाही. मुलाला यातले काय सांगणार? काही ठिकाणी या अडचणीतून सुटण्यासाठी मुलांच्या कार्यक्रमातून विधीच वगळतात. त्याने भांडण टळते, पण मुलाच्या वाट्याला सर्वांना चालेल असे पाणचट काहीतरी येते. आमच्या मते त्यापेक्षा, ‘मोठ्यांचे अजून एकमत झालेले नाही’, असे मुलाला सरळ सांगणे अधिक प्रामाणिक आहे.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. इंग्लंड व वेल्समधील बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाचा अंतिम अहवाल 2022 च्या ऑक्टोबरात आला. अँग्लिकन व कॅथलिक या दोन्ही चर्चांवर त्याच्या कामकाजात कडक ताशेरे ओढले गेले होते. 2024 च्या नोव्हेंबरात तर ख्रिस्ती उन्हाळी शिबिरांशी संबंधित एका गृहस्थाने मुलांचा जो छळ केला होता, त्याच्या हाताळणीवरून कँटरबरीच्या आर्चबिशपना राजीनामा जाहीर करावा लागला. धर्मस्थानाची अब्रू मुलाच्या अंगावरील वळांपेक्षा मोठी मानली गेली, हे त्या प्रकरणाचे सार. सामाईक मंडळीत हा धोका एका वेगळ्या रीतीने वाढतो. प्रत्येक पंथाचे नियम निराळे, तक्रार घेणारा अधिकारी निराळा. सामाईक विहिरीचा गाळ कोणी उपसायचा, हे आपल्या गावाला चांगले ठाऊक आहे. म्हणून शहाण्या भागीदाऱ्या कोणत्या पंथाची नियमावली आपल्याकडे लागू राहील हे आरंभीच कागदावर ठरवितात, मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची पूर्वपीठिका तपासतात, आणि एकट्या प्रौढाच्या हाती मुले सोपवीत नाहीत. सद्भावनेवर सोडावा असा हा विषय नव्हे.

हे सारे आपल्याला दूरचे वाटण्याचे कारण नाही. पश्चिम इंग्लंडमधील स्विंडन शहरात पोर्तुगीज पारपत्रावर गेलेली हजारो गोमंतकीय माणसे राहतात, आणि त्याच शहराच्या नव्या उपनगरांत, डॉर्कनसारख्या भागांत, सामाईक मंडळ्याही आहेत. 2020 अखेर ब्रिटनमध्ये मुक्त प्रवेशाचे दार मिटले; आधी गेलेले तेथेच रुजत आहेत. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक आहेत, काही घरे हिंदूंचीही आहेत. आईबाप गोदामांतून पाळ्यांनी काम करतात, आजी सासष्टीत किंवा बार्देशात राहिलेली. शाळा सुटल्यापासून पाळी संपेपर्यंत मूल कोणाच्या नजरेखाली राहणार? अशा वेळी कोपऱ्यावरच्या सभागृहात ऊब व जेवण असेल, तर दारावरच्या पाटीवर कोणता पंथ लिहिला आहे हे आई पाहील काय? हिंदू आई पाहील, आणि तिने पाहावेही. मुलाला तेथे काय शिकविले जाते हे विचारण्याचा तिचा हक्क आहे, आणि तिला ते आधी स्पष्टपणे सांगणे हे चालकांचे कर्तव्य आहे. भुकेल्या मुलापुढे ताट ठेवून श्रद्धा मागणे हे कोणत्याही धर्माला शोभणारे नाही. गोमंतकाला त्याचा इतिहास नव्याने सांगण्याची गरज नाही.

पण हाच प्रश्न पर्वरी, फोंडा, म्हापसा येथे वाढलेल्या सदनिकांच्या वस्तीत विचारून पाहा. तेथे पेडण्याचे कुटुंब काणकोणच्या कुटुंबाशेजारी राहते. बेळगावचे, कारवारचेही त्याच जिन्यावर असते. प्रत्येकाची कुलदेवता वेगळी, देवस्थान वेगळे, आणि देवस्थानचे महाजनपद तर वंशपरंपरेने बांधलेले. जत्रेला गावी जायचे, ओटी भरायची, परतायचे. उरलेल्या दिवसांत मुलाला टाळ कसा धरावा हे कोण शिकविणार? वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात निरनिराळ्या समाजांचे पार एका देवापुढे येतात. बंदराच्या गावाने, जेथे सारेच बाहेरून आलेले, ते साधले. पर्वरीच्या इमारतींतून सभागृहे आहेत. ती वाढदिवसाला व वार्षिक सभेला उघडतात. महिन्यातील एका शनिवारी संध्याकाळी ती कोणत्याही एका देवस्थानच्या नावाने न उघडता सगळ्या मुलांसाठी व त्यांच्या आईबापांसाठी उघडावी. भजन, फुगडी, मातीकाम, गोष्टी आणि शेवटी एका पंगतीला जेवण. पंगतीत कोणी कोठे बसावे हे मात्र मुलांनाच ठरवू द्यावे. स्वयंपाकाची पाळी पुरुषांनीही घ्यावी. आणि मुलांजवळ कोण थांबणार, त्यांची नावे पहिल्याच दिवशी फलकावर लिहून लावावीत.