बावट्यापलीकडचा समुद्र

रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या धक्क्यावर गेलो की मला एक जुने कर्जप्रकरण आठवते. बँकेत असताना माझी बदली किनाऱ्यावरच्या एका शाखेत झाली होती आणि यांत्रिक नौकांच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. एका तांडेलाच्या अंदाजपत्रकात इंजिन, जाळी, विंच, बर्फाचा खण अशी सगळी कलमे होती आणि शेवटी एक ओळ होती : ‘वायरलेस संच व एरियल’. मी लाल पेनाने ती ओळ खोडली आणि शेरा मारला, ‘उत्पादक खर्च नव्हे’. तांडेलाने वाद घातला नाही. उठताना एवढेच म्हणाला, ‘साहेब, बावटा बंदरावर लागतो. आम्ही बंदरावर नसतो.’

त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळायला बरीच वर्षे जावी लागली.

तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे वारा उठणार, बोटींनी बाहेर जाऊ नये, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असते. पण बावटा दिसतो तो धक्क्यावरच्या माणसाला. चार दिवसांपूर्वी बर्फ आणि डिझेल भरून गेलेल्या बोटीला तो कसा दिसणार? मोबाइलची साथ किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांत सुटते. बोटीवरचा व्हीएचएफ, ज्याला खलाशी सरसकट ‘वायरलेस’ म्हणतात, तो साधारणपणे नजरेच्या रेषेत चालतो. क्षितिजाआड गेलेल्या बोटीला तो फारसा उपयोगी नाही. आकाशवाणीच्या मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा लांब जातात, पण इंजिनाची धडधड आणि वायरिंगची खरखर यांतून हवामानाचे वाक्य वेचून काढायला कान फारच तयार लागतो. आणि मासळी तर दरवर्षी अधिकाधिक आत शोधावी लागते. म्हणजे बोट पुढे गेली आणि आवाज मागे राहिला, अशी ही अवस्था आहे.

यावर उपाय आकाशात आहे, हे आपल्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीच दिसले होते. वर्ल्डस्पेस कंपनीचा एशियास्टार उपग्रह मार्च 2000 मध्ये वर गेला आणि भारतात उपग्रह रेडिओ आला. माझ्या ओळखीच्या एका नाखवाच्या मुलाने तो संच मोठ्या हौसेने बोटीवर बसवला. धक्क्याला बोट बांधलेली असताना आवाज असा स्वच्छ, की मंडळी गोळा झाली. बोट खाडीबाहेर पडून वळली आणि संच मुका झाला. कारण साधे होते. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर. तिथून येणारा संकेत अतिशय क्षीण आणि त्या संचाची चपटी एरियल त्याच्याकडे तोंड करून ठेवावी लागे. घराच्या खिडकीत ते जमते. बोटीला खिडकी नसते. ती क्षणोक्षणी दिशा बदलते, डोलते, मध्ये केबिनचे छप्पर येते. शेवटी एक खलाशी एरियल हातात धरून उपग्रहाच्या दिशेने फिरत उभा राहिला. सगळे हसले. मीही हसलो.

त्या संचावर गाणी उत्तम लागत. कोकण किनाऱ्याचे हवामान मी तरी त्यावर कधी ऐकले नाही. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्यामध्ये किनाऱ्याला धडकले. कोकणच्या कित्येक घरांतली माणसे त्यात परतली नाहीत. त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला वर्ल्डस्पेसची भारतातली सेवा बंद झाली, कारण मूळ अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला कंपनी बुडण्याचे नवल वाटत नाही. पण एका ताळेबंदाबरोबर आकाशातला आवाजही बंद होऊ शकतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत सिरियस एक्सएम ही कंपनी नौकांना हवामान उपग्रहावरून पुरवते, तेही वर्गणी भरणाऱ्यांना. हौसेच्या नौकेसाठी ते ठीक. ज्याचा हंगाम उधारीवर सुरू होतो, त्याच्या जिवाचा इशारा वर्गणीवर ठेवता येणार नाही.

नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस ‘ओखी’ आले, तेव्हा केरळ आणि तामिळनाडूच्या बोटी कित्येक दिवस आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. शेकडो मच्छीमार मृत वा बेपत्ता झाले. भरकटत आलेल्या 68 बोटी 952 माणसांसह आपल्या देवगड बंदरात पोहोचल्या, आणि घरच्यांना ती जिवंत असल्याचे तेव्हा कळले. इशारा त्यांच्यापर्यंत गेला नव्हता आणि त्यांची हाकही किनाऱ्यापर्यंत आली नव्हती.

त्यानंतर सरकार स्वस्थ बसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्रविषयक संस्थेच्या पुढाकाराने ऑक्टोबर 2019 मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण आले; ते उपग्रहावरचा इशारा घेऊन मोबाइलच्या पडद्यावर दाखवते. पण ते फक्त ऐकते, बोलत नाही. उलट ‘इस्रो’चे 2010 पासून वापरात असलेले संकटसूचक यंत्र फक्त बोलत असे, बटण दाबले तरी ते कुणी ऐकले की नाही, हे बुडणाऱ्याला कळत नसे. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या त्याच्या सुधारित पिढीत पोच परत मिळू लागली. आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच समारंभात, एक लाख नौकांवर दोन्ही बाजूंनी निरोप नेणारे ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. हे सर्व स्वागतार्ह आहे.

माझी शंका पुढची आहे. आपल्याकडे डबा वाटला की योजना पूर्ण झाली असे समजण्याची पद्धत आहे. कर्जवाटपाचे आकडे मीही असेच वर पाठवत असे. विहिरीला पाणी लागले का, हे त्या तक्त्यात विचारलेले नसे. डबा बोटीवर असणे आणि आवाज बोटीवर पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरियलला चहूबाजूंनी उघडे आकाश लागते; केबिनच्या लोखंडी छपराखाली किंवा डोलकाठीच्या आडोशाला ती बसवली, तर बोट एका अंगाला वळताच संकेत तुटणार. खारी हवा तांब्याच्या जोडाला काही महिन्यांत हिरवा कळंक चढवते. इंजिन सुरू होताना बॅटरीचा दाब पडतो आणि नाजूक संच बंद होतो. यांतले काहीच गूढ नाही. वायर चांगली हवी, जोड पाणी न शिरेल असा बांधलेला हवा, संचाला वेगळी बॅटरी हवी आणि ऑगस्टमध्ये बोट पाण्यात लोटण्यापूर्वी हे सारे तपासणारा माणूस बंदरावर हवा. तो माणूस कोणत्या योजनेत आहे?

म्हणून मागणी साधी आहे. बोटीची वार्षिक तपासणी होते तेव्हा इंजिनाबरोबर संचाचीही व्हावी, आणि तीही धक्क्याला बांधून नव्हे, तर बोट वळवून, चालत्या इंजिनावर. दुरुस्ती त्याच बंदरात, हंगाम न बुडवता व्हावी. इशारा तांडेलाच्या भाषेत आणि शक्यतो आवाजात असावा. दोन्ही हात जाळ्यात असलेल्या माणसाने पडदा केव्हा वाचायचा? आणि बँकांनी एरियल, वायर, बॅटरी ही कलमे इंजिनाच्या किमतीतच धरावीत. जी बोट परत येते, तीच हप्ता फेडते. हा हिशेब तरी बँकेला पटायला हरकत नाही.

त्या तांडेलाचे कर्ज मुदतीत फिटले. त्या वर्षीच्या माझ्या अहवालात ते ‘उत्तम खाते’ म्हणून नोंदले गेले. सगळी वर्षे तो त्या संचाशिवाय समुद्रात जात होता. आमच्या कागदांत जोखीम नावाचा एक रकाना असे. तो मी बँकेच्या बाजूने भरला होता.