मूत्रपिंडाशिवाय युरिया

फेब्रुवारी 1828 मध्ये फ्रीडरिश व्होलरने बर्लिनहून आपले गुरू बर्झेलियस यांना एक पत्र धाडले. माणसाच्या वा कुत्र्याच्या मूत्रपिंडाची मदत न घेता आपण युरिया बनवू शकतो, असे त्यात लिहिले होते. व्होलरला करायचे होते अमोनियम सायनेट. हाती आले ते पांढरे स्फटिक मात्र लघवीतून वेगळ्या काढलेल्या युरियाशी प्रत्येक कसोटीवर जुळले. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असा हा आठ अणूंचा रेणू. आपल्या शरीराच्या वजनाचा सुमारे 96 टक्के भाग याच चार मूलद्रव्यांचा असतो. तरीही सजीवांतली द्रव्ये केवळ ‘जीवशक्ती’च घडवते, ही त्या काळच्या विद्वानांची गंभीरपणे बाळगलेली धारणा होती.

त्या एका प्रयोगाने ती धारणा कोसळली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. इतिहास इतका सरळ नाही. सायनेट ज्या पदार्थांपासून मिळे ते मुळात प्राण्यांच्या शिंगा-खुरांतून आलेले होते, तेव्हा जीवशक्ती तिथूनच आली असेल, अशी पळवाट शिल्लक होती. 1845 साली कोल्बेने निर्जीव द्रव्यांपासून ॲसिटिक आम्ल बनवले, तेव्हा ती अरुंद झाली. पण आंबवण्याची क्रिया जिवंत पेशीखेरीज होऊच शकत नाही, या पाश्चरच्या आग्रहाने जीवशक्तीला पुन्हा आसरा मिळाला. पाश्चर हा लहानसहान माणूस नव्हता, म्हणूनच हा आग्रह सुमारे चार दशके टिकला. अखेर 1897 मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटले, पेशी फोडल्या, फडक्यातून दाबून रस काढला आणि त्यात साखर घातली. एकही जिवंत पेशी नसलेला तो रस फसफसू लागला.

पराभूत कल्पना मरत नाही, ती एक पायरी मागे सरून उभी राहते, हे या शतकभराच्या वादातून दिसते. बुखनरच्या रसात ही क्रिया घडवणारी विकरे रासायनिक आहेत हे मान्य झाल्यावर, ती प्रथिनांसारख्या ‘सामान्य’ द्रव्याची नसावीत, असे नवे कुंपण उभे राहिले. 1926 साली जेम्स समनरने जॅकबीनच्या बियांतून युरियाचे विघटन करणाऱ्या ‘युरिएज’ विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिनच असल्याचे दाखवले, तेव्हा जर्मनीतल्या विल्श्टेटरच्या नामांकित परंपरेने ते वर्षानुवर्षे मानले नाही. समनरला नोबेल मिळायला 1946 उजाडले. मधल्या काळात, 1932 मध्ये, हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी यकृतात युरिया कसा तयार होतो, ते चक्र उलगडले. अमोनिया विषारी असतो आणि त्याला पातळ करून बाहेर टाकायला भरपूर पाणी लागते. माशाच्या भोवती पाणीच पाणी असते, आपल्याभोवती नाही. म्हणून आपले यकृत अमोनियाचा सौम्य युरिया करते आणि प्रौढ माणूस रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम युरिया बाहेर टाकतो. जमिनीवर राहण्याची ही किंमत आहे, आणि ती पाण्याच्या हिशेबात मोजलेली आहे.

याच दशकात, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारल्या गेलेल्या कमला भागवत, पुढे सोहोनी, यांनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतले प्रथिन वनस्पतींतही असल्याचे दाखवले आणि 1939 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्राणी आणि वनस्पती यांच्यातली आणखी एक भिंत त्यामुळे पातळ झाली. याच कमलाबाई पुढे मुंबईत ग्राहक चळवळीत उतरून भेसळीविषयी लिहीत राहिल्या, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

मग क्रिश्चन ॲनफिन्सनने युरियाच्याच तीव्र द्रावणात एका विकराची घडी उलगडली. युरिया काढून घेताच साध्या पाण्यात ती साखळी आपली आपण पूर्ववत दुमडली. प्रथिनाची घडी कशी पडावी हे त्याच्या साखळीतल्या अमिनो आम्लांच्या क्रमातच ठरलेले असते, हे त्या प्रयोगाचे मर्म आहे. 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा प्रथिनांच्या घडीच्या ज्या संगणकीय भाकितासाठी दिला गेला, त्याचे मूळ इथेच आहे.

रेणूला आपले कुळ आठवत नाही, हे इतक्या वेळा सिद्ध होऊनही आज आपल्या बाजारात ‘केमिकल-मुक्त’ हा शब्द खपतो आणि जीवशक्तीची जुनी रेघ पुन्हा आखली जाते. बांधावर एका बाजूला युरियाची गोणी असते, दुसऱ्या बाजूला शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवलेल्या जीवामृताचे पिंप. गोमूत्रातला युरिया आणि गोणीतला युरिया यांत काडीचा फरक नाही. मातीतले युरिएज दोन्ही फोडून अमोनियाच करते. फरक आहे तो सोबत काय येते यात आणि मात्रेत: 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नायट्रोजन असतो, आणि पिकाला न पेललेला वाटा हवेत उडतो किंवा नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतो. जीवामृतवाल्यांची मातीविषयीची काळजी खरी आहे. तिचा आधार मात्र चुकीचा आहे. 1974 साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली, त्या विषाला कोणत्याही कारखान्याचा हात लागलेला नव्हता. 2017 साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर मेले, ते विष कारखान्याचे होते. दोन्हीकडे विचारायला हवे होते ते एवढेच, की कोणता रेणू, किती, आणि कोणत्या वाटेने शरीरात गेला.

दुधाचेच घ्या. ‘दुधात युरिया सापडला’ ही बातमी दर सणासुदीला येते. पण गाईच्या निर्भेळ दुधातही युरिया असतोच. म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमांत 100 मिलिलिटरला 70 मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. घरी करण्याजोगी परीक्षाही आहे: थोड्या दुधात अर्धा चमचा तूरडाळीची किंवा सोयाबीनची पूड ढवळायची, पाच मिनिटांनी तांबडी लिटमस पट्टी बुडवायची, डाळीतले युरिएज, म्हणजे समनरचेच विकर, युरियाचा अमोनिया करते आणि पट्टी निळी होते. त्यातून केवळ संशय घेता येतो, मात्रा कळत नाही. मात्रा सांगणारी तपासणी प्रत्येक तालुक्याच्या दूध संकलन केंद्रापाशी सुरू करावी, आणि तिचा आकडा रोज सकाळी दराच्या फळ्यावर फॅट आणि एसएनएफच्या (फॅटेतर घन घटकांच्या) शेजारी लिहावा.