परिपाठात टिकेल ते गाणं

उद्घाटनाच्या गाण्याचं आयुष्य किती असतं? पाहुण्यांच्या गाड्यांनी उडवलेली धूळ खाली बसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या तोंडात नसतं. अशा गाण्यांना मी पेटीची साथ पुष्कळ केली आहे, त्यामुळे त्यांची घडण मला तोंडपाठ आहे. चाल एखाद्या गाजलेल्या सिनेमातली, शब्द शाळेतल्याच गुरुजींचे, आणि मधल्या कडव्यात पाहुण्यांची नावं पदासकट. एखादं नाव तालात बसलं नाही तर मुली ते दुप्पट लयीत म्हणून मोकळ्या होतात. पाहुणे तोवर शेजारच्याशी बोलत असतात, त्यामुळे आपलं नाव कसं चिरडलं गेलं हे त्यांना कळतही नाही.

म्हणून पाथर्डी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. ते म्हणाले, "सर, नवी इमारत झालीय. समूहगीत पाहिजे. पण आपलं स्वतःचं, कुणाची उसनी चाल नको." हे शेवटचं वाक्य ऐकून मी हो म्हणालो. मग ते जरा घुटमळले आणि त्यांनी विचारलं, "मानधनाचा खर्च कोणत्या हेडखाली दाखवू?" इमारतीच्या अंदाजपत्रकात मुरमाला हेड असतं, रंगाला असतं, पाण्याच्या टाकीला असतं, कोनशिलेच्या ग्रॅनाइटलाही असतं. गाण्याला नसतं. शेवटी शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढली आणि मी ती संकोच न करता घेतली. फुकटच्या गाण्याची तालीमही फुकटात उरकली जाते, हा माझा अनुभव आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला मलाही बोलावलं होतं. मागण्यांची यादी मोठी होती. सरपंच म्हणाले, "मास्तर, बाकी तुम्ही काही करा, आमदारसाहेबांचं नाव तेवढं एका कडव्यात टाका. फंड त्यांचाय." मी म्हणालो, "दादा, नाव कोनशिलेवर आहेच. दगडावरचं जास्त टिकतं." यावर हशा झाला आणि विषय मिटला. दुसऱ्या एकाला जिल्ह्याचं नाव हवं होतं, तेही नवं. ही मागणी मात्र मला आवडली, कारण तिच्यात लयीची गंमत होती. 'अहमदनगर' म्हणजे सात लघू, सरळ रूपकाच्या सात मात्रा. 'अहिल्यानगर' मोजलं तर आठ मात्रा भरतात, केहरव्याचं एक आवर्तन नेमकं पूर्ण होतं. नामांतराच्या वादात कुणी कोणती बाजू घेतली असेल ती असो, ढोलकीवाल्याची सोय झाली. तरीही ते नाव मी घातलं नाही. मुलांच्या गाण्यात जिल्हा कशाला? त्यांचा जिल्हा म्हणजे घर, शाळा आणि मधला ओढा.

समितीला मी एकच अट सांगितली. हे गाणं उद्घाटनानंतर परिपाठात म्हटलं गेलं पाहिजे. परिपाठात आधीच गर्दी असते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना असतेच. २०२३ पासून राजा बढे यांचं 'गर्जा महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं, तेही आलं. या सगळ्यांतून ज्याला जागा मिळेल ते गाणं छोटं असलं पाहिजे, पेटीवाचून म्हणता आलं पाहिजे आणि त्यात कुणाचा सत्कार असून चालणार नाही. राज्यगीत म्हणून स्वीकारताना मूळ गीतातली दोनच कडवी घेतली, हे शहाणपणाचं झालं. श्रीनिवास खळ्यांची ती चाल शाहीर साबळ्यांच्या आवाजासाठी होती, दुसरीतल्या पोरांसाठी नव्हे. तिसऱ्या कडव्यापर्यंत पोरांचा दम कुठला टिकायला!

काम पुरं झाल्यावर म्हणायचं गाणं कसं असावं, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ज्ञानदेव ज्या खांबाला टेकून सांगत होते असं मानतात, तो पैस खांब आजही नेवाशात पाहायला मिळतो. अठरा अध्यायांचा एवढा डोंगर उपसून झाल्यावर शेवटी नऊ ओव्यांचं पसायदान येतं. त्यात आश्रयदात्याची स्तुती नाही, केलेल्या कामाची फुशारकी नाही. जे आहे ते सगळं दुसऱ्यांसाठी मागितलेलं. आज राज्यभरातल्या शाळांत मुलं ते म्हणतात, चाली वेगवेगळ्या असल्या तरी अडत नाही, कारण ओवीची घडणच मोकळी आहे. ज्ञानदेवांची बरोबरी करायचं वेड मला लागलेलं नाही. पण नेवासं हाकेच्या अंतरावर असताना इमारत पूर्ण झाल्याच्या गाण्यात पाहुण्यांची नावं गुंफायला मन धजावत नाही.

शाळेत टिकलेली दुसरी गाणी आठवून पाहिली की वसंत देसाई समोर उभे राहतात. 'दो आँखें बारह हाथ' १९५७ चा आणि 'गुड्डी' १९७१ चा. दोन्हींतल्या प्रार्थना पडद्यावरून उतरून देशभरच्या शाळांत गेल्या. पहिली भरत व्यासांची, कैद्यांच्या तोंडी. दुसरी गुलजारांची, केदार रागावर बांधलेली, शाळेतल्या मुलींच्या तोंडी. केदार हा काही सोपा राग नव्हे. पण देसाईंनी त्यातून मुलांना पेलेल एवढंच उचललं. पुढे 'एक सूर एक ताल' या उपक्रमातून त्यांनी शाळकरी मुलांना एकत्र गायला लावलं. हजारो मुलं एका सुरात आणायची तर चाल किती साधी ठेवावी लागते, हे कुठल्याही संगीतकाराने त्यांच्याकडून शिकावं. चाल साधी करणं हे चाल अवघड करण्यापेक्षा कठीण काम आहे. तान घालून झाकायची सोय तिथे नसते.

शब्दांसाठी मी मुलांकडेच गेलो. शिक्षकांनी आधी एक मसुदा दिला होता. त्यात ज्ञानमंदिर होतं, सुवर्णक्षण होता, प्रांगण होतं, मांगल्य तर दोनदा होतं. पहिलीतल्या पोराला 'प्रांगण' म्हणता येत नाही आणि म्हणता आलं तरी ते कुठे असतं हे ठाऊक नसतं. मी वर्गावर्गांतून विचारत फिरलो, नव्या शाळेत काय आवडलं? पंखा, असं पहिलं उत्तर आलं. मग गच्ची. मुलींनी संडासाच्या दाराला आतून कडी आहे, असं सांगितलं. हे गाण्यात घालता येईना, पण मुख्याध्यापकांना मी म्हटलं की भाषणात हे नक्की सांगा. तिसरीतला एकजण म्हणाला की आता गळत नाही, पाऊस नुसता ऐकू येतो. मला मुखडा मिळाला होता: 'गळत नाही छप्पर आता, पाऊस नुसता ऐकायचा'. मोजून पाहा. पहिल्या तुकड्यात पंधरा मात्रा, सोळावीवर श्वास. दुसऱ्या तुकड्यात पुऱ्या सोळा. केहरव्यात काही ओढाताण न करता बसतो.

आपल्या जिल्ह्यात ही ओळ नुसती गोड म्हणून सोडता येत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचा वर्ग पावसात कोसळला आणि तीन मुलं गेली. ज्या गावात शाळेची भिंत ओलावली की आया मुलांना घरी ठेवतात, तिथे न गळणारं छप्पर ही कौतुकाची नाही, हक्काची गोष्ट असते. समितीतल्या एकांना ही ओळ खटकली. जुनी इमारत गळत होती हे पाहुण्यांसमोर कशाला, असं त्यांचं म्हणणं. एक आजीबाई, समितीतल्याच पालक, लगेच म्हणाल्या, "गळत व्हती तर गळत व्हती म्हणायचं. पोरांनी डोक्यावर घमेली घेतली का न्हाई?" ओळ राहिली.

चाल भूपात केली. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे न शिकलेलं पोर जिथे हमखास घसरतं त्या जागाच नाहीत. सा काळी चारचा. मुखडा पंचमापर्यंत, अंतऱ्यात एकदाच तार षड्ज, तोही मुलं ओरडून घेतील या हिशेबाने. माझा पुतण्या कीबोर्ड वाजवतो, त्याला हार्मनी हवी होती, तीन आवाजांची. त्याने मोबाइलवर ऐकवलं ते छानच होतं. पण ते शिकवायला शाळेत संगीतशिक्षक नको का? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तो नसतो. गुरुजी गणित घेता घेता गाणं बसवणार.

मग दोन आवाज आणायचे कसे? उत्तर गावातच होतं. भजनात टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, एक रांग चरण म्हणते, दुसरी तो उचलते. मुलांनाही तसंच उभं केलं. शेवटच्या कडव्यात पहिल्या रांगेचा चरण संपायच्या आत दुसरीने मुखडा धरायचा, म्हणजे दोन ओळी एकमेकींवर चढतात. पाच स्वरांचा राग असल्यामुळे त्या फारशा भांडत नाहीत. गावच्या भजनाची रीत उचलायची ही युक्ती माझी नाही. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये परदेशी चालींवर मराठी शब्द बसवताना ऱ्हस्व-दीर्घाची व्हायची ती फरफट रेव्हरंड कृष्णराव सांगळे आणि पुढे नारायण वामन टिळक यांनी ओळखली. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी नगरमध्ये राहून अभंग आणि पदं रचली, आणि चर्चमध्ये टाळ-मृदंगाला जागा झाली. मराठी माणसं एकत्र गातात ती कशी, हे त्यांनी ओळखलं होतं.

खरी अडचण पुढे आली. समारंभ दिवाळीच्या आधी ठरला होता. पाहुण्यांना वेळ नव्हता, तारीख पुढे गेली. पाथर्डी हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दिवाळी झाली की कारखान्यांचे ट्रक येतात, नवरा-बायकोचा एक कोयता बांधला जातो आणि बरोबर पोरंही जातात. काही आजी-आजोबांकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात, बाकीची उसाच्या फडात. बसवलेल्या दोन रांगांमधली निम्मी मुलं अशी निघून गेली. त्यांत तार षड्ज खणखणीत लावणारी चौथीतली मुलगीही होती.

गाणं मोडलं नाही. त्यात एकट्याने म्हणायची एकही ओळ नव्हती आणि दोन्ही रांगांना सगळे चरण येत होते. रोज तालीम ऐकून व्हरांड्यातल्या पहिली-दुसरीच्या पोरांचंही पाठ झालं होतं, ती रिकाम्या जागी उभी राहिली. समारंभात पाहुणे उशिराच आले. माइकने मध्येच दगा दिला, पण मुलांना फरक पडला नाही, त्यांना माइकची सवयच नव्हती. पाहुण्यांनी भाषणात गाण्याचा उल्लेख केला नाही. छपराचा मात्र केला, आणि शेजारच्या दोन वाड्यांवरच्या शाळाखोल्यांचंही बघतो म्हणाले. बघतील तेव्हा खरं.

चैत्रात कोयते परत आले. मुख्याध्यापकांचा पुन्हा फोन आला. गाणं रोज परिपाठात चालू होतं, त्यामुळे परतलेली मुलं पहिल्याच दिवशी त्यात मिसळली होती, वेगळं बसवावं लागलं नव्हतं. पुस्तकाचे धडे मात्र पाच महिन्यांनी मागे पडलेले होते आणि त्याला माझ्याकडे काही इलाज नाही.

आता आणखी दोन शाळांनी गाणं मागितलं आहे. त्यांना आणि इतर मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की येताना पाहुण्यांची यादी आणू नका, हजेरीपट आणा. आणि श्रावणातच या, कारण दिवाळीनंतर तुमची निम्मी मुलं गावात नसतात.