हातीं नसलेलें वाद्य

गेल्या पंधरवड्यांत आमच्या घरीं एक पेंच उद्भवला. आमचा धाकटा नातू माडीवरच्या खोलीचें दार लोटून घेतो, डावा हात हवेंत आडवा धरतो, आणि उजव्या हातानें पोटापुढें कांहींतरी छेडल्यासारखें करीत गुडघ्यांवर घसरतो, असें त्याच्या आजीनें दाराच्या फटींतून पाहिलें. तिनें दृष्ट काढली. चिरंजीवांनीं परीक्षेची आठवण देऊन चार शब्द सुनावले. आणि अखेर, घरांत एक निवृत्त मास्तर आहे हें स्मरून, प्रकरण आमच्यापुढें आलें.

चौकशी करतां कळलें कीं या प्रकारास 'एअर गिटार' म्हणतात; म्हणजे गिटार नसतांना ती आहे असें मानून वाजविणें. आणि याची जागतिक स्पर्धा भरते! फिनलंडमधील ओउलू या शहरीं, संगीताच्या चित्रफितींच्या उत्सवांत, १९९६ सालीं ती निव्वळ गंमत म्हणून सुरू झाली.

तिचे नियम ऐकून आम्हांस प्रथम हसूं आलें. वाद्य अदृश्यच पाहिजे. प्रत्येकास साठ सेकंद. पहिल्या फेरींत गाणें स्पर्धकाच्या पसंतीचें, दुसऱ्या फेरींत ऐन वेळीं दिलेलें. गुण ४ पासून ६ पर्यंत, बर्फावरील स्केटिंगच्या स्पर्धांत पूर्वीं देत त्या पद्धतीनें. वादकाची गिटार घेऊन येणारा मदतनीस चालतो. मात्र वादन सुरू होण्यापूर्वीं त्यानें निघून जावें. नसलेली वस्तु वाहून आणण्यासही माणूस लागावा, यांतील न्याय आम्हांस फार आवडला! परीक्षक बोटांची अचूकता पाहतात, रंगमंचावरील प्रभाव पाहतात, आणि 'एअरनेस' म्हणून एक तिसरा गुण पाहतात. अनुकरण ओलांडून तो प्रयोग स्वतःच कला झाला काय, हें त्यानें मोजावयाचें. आम्ही त्यास 'वायुत्व' म्हणतों. वैशेषिकांनीं क्षमा करावी.

ज्या वाचकांनीं शाकुंतल अभ्यासिलें असेल त्यांस यांत परकें कांहीं वाटूं नये. दुष्यंत रथांतून येतो. रंगभूमीवर घोडा नाहीं, चाक नाहीं. नटाच्या अंगानेंच वेग दाखवावयाचा. अशा संकेतांस भरतमुनींच्या शास्त्रांत नाट्यधर्मी म्हटलें आहे. जपानच्या नानामी नागुरा या बाईंनीं २०१४, २०१८ व २०२३ असें तीनदां ओउलूचें विजेतेपद मिळविलें. नातवानें त्यांचें चलच्चित्र दाखविलें. डोळे मिटले तर तें ध्वनिमुद्रित गाणें. डोळे उघडले तर त्यांच्याच बोटांतून निघत आहे असें वाटावें. आयोजकांचा सिद्धांत असा कीं, जगांतील सर्वांनीं ही गिटार हातीं घेतली तर युद्धें थांबतील आणि हवामानाचा बिघाडही थांबेल. युद्धांचें एक समजूं शकतें, कारण ती हातीं असतांना दुसरें कांहीं धरतां येत नाहीं. हवामानाविषयीं आमची मति कुंठित आहे.

पण तीं बोटें पाहतांना आम्हांस एक जुनी गोष्ट टोंचूं लागली. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं संस्कृतच्या तासास मागच्या बांकावरचा एक मुलगा बांकाच्या कडेवर बोटें नाचवीत असे. आवाज होऊं देत नसे. आम्हीं त्यास उभें करून विचारलें, "तुझा तबला कोठें आहे रे?" वर्ग हंसला. "तबला घेऊन ये, नाहीं तर हात मांडीखालीं ठेव," असें आम्हीं बजावलें. त्यानें वर्षभर हात मांडीखालीं ठेवले. पुढें त्याचे वडील फी-माफीच्या अर्जावर आमची सही घेण्यास आले, तेव्हां त्यांच्या घरीं तबला कां नव्हता तें कळलें. पण तो त्रिताल होता आणि सम एकदांही चुकत नव्हती, हें आम्हांस तासालाच कळत होतें. तें आम्हीं कोणास सांगितलें नाहीं. त्या मुलासही नाहीं.

ओउलूस अखेरीं स्पर्धक आणि प्रेक्षक मिळून नील यंग यांच्या एका गीतावर रिकाम्या हातांनीं वाजवितात, आणि जो जिंकतो त्यास फिनलंडांत घडविलेली खरी गिटार देतात.

नातवास आम्हीं तूर्त परवानगी दिली आहे. दार उघडें ठेवून, आणि परीक्षा होईपर्यंत रोज साठच सेकंद. आजीनें घड्याळ धरावयाचें ठरलें. काल त्यानें आम्हांस मदतनीस नेमलें. आम्हीं कोपऱ्यांतून ती जपून उचलली, त्याच्या हातीं दिली, आणि नियमाप्रमाणें बाहेर आलों.