शहर एक, विमानतळ दोन

आमच्या महिला मंडळात महिन्याचा हिशोब आटोपला की चहा होतो आणि चहाबरोबर गप्पा. परवा गप्पांचा विषय होता अमेरिका. आमच्यातल्या एक काकू लेकीचं बाळंतपण करून पाच महिन्यांनी परत आल्या होत्या. नातीचे फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरले, कौतुक झालं. मग कुणीतरी सहज विचारलं, "काकू, एकट्या गेलात, प्रवास कसा झाला?"

काकू जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "प्रवास बराच झाला गं. मीच जरा बावळटपणा केला."

तो बावळटपणा काय होता, ते ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाहीये.

काकूंचं तिकीट पुण्यातल्या मुलानं काढलं होतं. मुंबई ते न्यूयॉर्क एक तिकीट आणि न्यूयॉर्क ते लेकीचं गाव दुसरं तिकीट. असं वेगवेगळं काढल्यानं बरेच पैसे वाचत होते. मध्ये साडेचार तास होते. "भरपूर वेळ आहे आई, निवांत जा," असं सांगून मुलगा विमानतळावर पोचवून आला. दोन्ही कागदांवर 'न्यूयॉर्क' लिहिलेलं होतं. पण पहिलं विमान उतरणार होतं केनेडी विमानतळावर आणि दुसरं सुटणार होतं नेवार्कहून. केनेडी शहराच्या एका टोकाला, तर नेवार्क हडसन नदीच्या पलीकडे, चक्क दुसऱ्या राज्यात, न्यूजर्सीत. मध्ये साधारण पन्नास किलोमीटरचा रस्ता आणि अख्खं न्यूयॉर्क!

अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरतो तिथेच पासपोर्टची तपासणी होते आणि आपलं सामान आपणच पट्ट्यावरून उचलून कस्टममधून बाहेर काढावं लागतं. त्या रांगेत काकूंचे दीड तास गेले. भाषेची अडचण नको म्हणून व्हीलचेअर सांगितली होती. ती ढकलणाऱ्या मुलानं दारापर्यंत आणून सोडलं. पुढचा कागद बघून तो म्हणाला, हे विमान इथून नाही. त्याचं काम तिथं संपलं. दोन मोठ्या बॅगा, खांद्यावर पर्स, इकडचा फोन तिकडे लागेना. कुणाच्या तरी मदतीनं टॅक्सी मिळाली, ती संध्याकाळच्या गर्दीत अडकली. नेवार्कला पोचेपर्यंत काउंटर बंद. तिकीट वेगळं होतं, त्यामुळे विमान कंपनीनं हात वर केले. सकाळच्या विमानाचं नवं तिकीट काढावं लागलं. जे पैसे वाचवले होते त्याहून जास्त गेले. काकूंनी रात्र खुर्चीत बसून काढली, बॅगांचे पट्टे मनगटाला गुंडाळून. आणि नववा महिना लागलेली लेक तिकडे रात्रभर फोन उशाशी घेऊन जागी.

"यात तुमचा बावळटपणा कुठला?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "कागदावर लिहिलेलं होतं ना गं. मी वाचायला नको होतं का?"

मैत्रिणींनो, मला त्या रात्रीइतकंच हे वाक्यही लागलं. तिकीट काढलं मुलानं, विकलं कुणी तिसऱ्यानंच, आणि दोष घेतला कुणी, तर आईनं.

खरं म्हणजे ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. मुंबईला जायचं म्हटलं की आपण आधी काय विचारतो? "गाडी कुठे जाते, सीएसएमटीला, दादरला, की कुर्ल्याच्या टर्मिनसला?" गुजरातकडे पुढची गाडी असेल तर ती बांद्रा टर्मिनसहून की मुंबई सेंट्रलहून, हे विचारल्याशिवाय कुठलीही शहाणी बाई पिशवी भरत नाही. पुण्याला उतरणारीही स्वारगेट की वाकडेवाडी, हे विचारून घेते. मग विमानाच्या बाबतीतच हा प्रश्न आपल्या तोंडी का येत नाही? कारण आपल्याकडे बहुतेक शहरांत विमानतळ एकच असायचा. २००८ साली हैदराबाद आणि बेंगळुरूला नवे विमानतळ सुरू झाले, तेव्हा जुन्यांवरची नेहमीची प्रवासी वाहतूक बंद झाली. म्हणजे नवा आला, जुना गेला, गोंधळ नाही.

आता तसं राहिलेलं नाही. गोव्यात जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं उडू लागली, पण दाबोळीही चालूच राहिला. मोपा पेडणे तालुक्यात, उत्तरेच्या टोकाला. दाबोळी वास्कोजवळ. दोघांत साधारण साठ किलोमीटरचं अंतर. आणि आपल्या दाराशीच आलेली गोष्ट म्हणजे नवी मुंबई. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचं उद्‌घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. तो आहे पनवेल-उलव्याच्या बाजूला, आणि जुना सहार-सांताक्रूझला. मध्ये खाडी, आणि वेळी-अवेळी तुंबणारा रस्ता. उद्या कुणी नागपूरहून विमानानं 'मुंबई'ला येऊन परदेशी विमान पकडणार असेल, तर ती नव्या विमानतळावर उतरणार की जुन्या, यावर तिचं पुढचं विमान मिळणं न मिळणं अवलंबून राहील.

परदेशात तर हे जुनंच आहे. जुना विमानतळ वस्तीनं वेढला गेला, वाढायला जागा उरली नाही, की नवा लांब बांधायचा आणि जुनाही चालू ठेवायचा. लंडनला हिथ्रो पश्चिमेला, गॅटविक दक्षिणेला. रस्त्यानं साठ-पासष्ट किलोमीटर. टोकियोत हानेदा शहरालगत, तर नारिता शेजारच्या चिबा प्रांतात. पॅरिसमध्येही दोन, शार्ल द गोल आणि ओर्ली.

लंडनसारख्या ठिकाणी आणखी एक मेख असते, व्हिसाची. एकाच विमानतळावर आतल्या आत विमान बदलणं वेगळं आणि बाहेर पडून दुसऱ्या विमानतळावर जाणं वेगळं. बाहेर पडायचं म्हणजे तुम्ही त्या देशात पाऊल ठेवलंत. ब्रिटनमध्ये त्यासाठी वेगळा ट्रान्झिट व्हिसा असतो. अमेरिका, कॅनडासारख्या काही देशांचा व्हिसा असणाऱ्यांना अटींवर सवलत मिळते, पण ती आपल्याला लागू पडते की नाही हे तिकीट काढण्याआधीच बघायला हवं. नाहीतर मुंबईतच काउंटरवर "तुम्हाला जाता येणार नाही" हे ऐकायची पाळी येते.

म्हणून प्रत्येकीनं, स्वतःसाठी असो की घरातल्या कुणासाठी, तिकीट हातात आलं की चार गोष्टी बघाव्यात.

पहिली, तीन अक्षरं. प्रत्येक विमानतळाला इंग्रजी तीन अक्षरांची खूण असते. जुन्या मुंबईची बी-ओ-एम, नवी मुंबईची एन-एम-आय. दाबोळीची जी-ओ-आय, मोपाची जी-ओ-एक्स. केनेडीची जे-एफ-के, नेवार्कची ई-डब्ल्यू-आर. ज्या अक्षरांवर उतरतो त्याच अक्षरांवरून पुढचं विमान सुटतंय का, एवढंच जुळवायचं. आपल्याला स्वेटरचे टाके मोजता येतात, भिशीचा हिशोब ठेवता येतो, मग तीन अक्षरं जुळवणं काय अवघड आहे?

दुसरी, तिकीट एक की दोन. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर आधीच्या विमानाला उशीर झाल्यामुळे पुढचं चुकल्यास कंपनीला सहसा दुसरी सोय करावी लागते. वेगळी तिकिटं असतील, तर दुसरी कंपनी पहिलीचा उशीर ऐकून घेत नाही.

तिसरी, सामान. विमानतळ बदलायचा असेल, तर बॅगा आपल्याच हातानं घेऊन पुन्हा जमा कराव्या लागतील असंच धरून चाला. पुन्हा तपासणी, पुन्हा रांग.

चौथी, व्हीलचेअर. ती मदत विमानतळाच्या दारापर्यंतच. एका विमानतळावरून दुसऱ्यावर कुणी पोचवत नाही. तो टॅक्सीचा खर्चही आपलाच.

साडेचार तास कागदावर फार दिसतात. त्यातून उतरायची रांग, सामान, रस्ता, आणि काउंटर विमान सुटण्याच्या बराच आधी बंद होतो तो वेळ वजा करा. हातात काय उरतं?

आता थोडं मुलांशी. बाळांनो, तुम्ही पैसे वाचवता ते आईसाठीच, हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पाठीवर सॅक टाकून एका विमानतळावरून दुसऱ्यावर धावत जाल, ते तुम्हाला जमतं. मध्ये दिवसभराचा मुक्काम असेल, घ्यायला कुणी नातेवाईक येणार असतील, तर आईलाही जमेल. पण साठीची बाई, पहिलाच परदेश प्रवास, बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी, अशा वेळी जी बचत होते ती तिच्या पायांतून आणि जिवाच्या धाकधुकीतून होते. थोडं महाग असलं तरी एकाच विमानतळाचं, एकाच तिकिटाचं बघा. आणि मुख्य म्हणजे काढायच्या आधी तिला विचारा.

तिकीट विकणाऱ्यांनीही "विमानतळ बदलावा लागेल" हे वाक्य बारीक अक्षरांत कोपऱ्यात न टाकता, पैसे घेण्याआधी मोठ्या अक्षरांत आणि आपल्या भाषेत सांगायला हवं. एसटीचा कंडक्टर गाडी स्टँडात जाणार नसेल तर चढतानाच ओरडून सांगतो. विमानाचं तिकीट विकणाऱ्यांकडून तेवढी अपेक्षा फार नाही.

पण ते कधी होईल त्याची वाट बघत आपण कशाला बसायचं? आपल्या नावाचा कागद आपण वाचायचा. कळलं नाही तर विचारायचं, दोनदा विचारायचं. विचारण्यात बावळटपणा नसतो.

काकूंच्या थोरल्या सुनेची आई पुढच्या महिन्यात कॅनडाला निघाल्यात. त्यांचं तिकीट आलं तेव्हा काकूंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून अक्षरं जुळवली. मग सुनेला म्हणाल्या, "हं, हे ठीक आहे. जाऊ देत त्यांना."