देवलीच्या फायली उघडा

देवळी म्हटलं की आपल्याला वर्ध्याची देवळी आठवते. ज्यांनी कम्युनिस्ट चळवळीबद्दल वाचलंय त्यांना राजस्थानातली देवलीसुद्धा आठवेल. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी डांगे, रणदिवे, जयप्रकाश यांना तिथल्याच छावणीत विनाखटला डांबलं होतं. माझंही ज्ञान तेवढंच होतं. त्याच छावणीत २० वर्षांनी आपण काय केलं, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. याची लाज वाटते.

१९६२. चीनशी युद्ध. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग भागातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना घरातून उचलून रेल्वेने देवलीला नेलं. चहामळ्यात काम करणारे, दुकानदार, सुतार, म्हातारे, लहान पोरं. अनेकांचा जन्म भारतातलाच. आरोपपत्र नाही, खटला नाही.

हे सगळं 'कायदेशीर' होतं बरं का! त्या वर्षी कायदा असा बदलला की ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणीही एक कधीकाळी शत्रुदेशाचा नागरिक होता, त्यालाही परकीयांचे निर्बंध लागू. त्याआधीच ३ नोव्हेंबरच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अशा स्थानबद्धांचा कलम २१ आणि २२ साठी कोर्टात जायचा हक्क थांबवला होता. म्हणजे आजोबा कोण, यावर नातवाचा तुरुंग ठरला आणि दादही मागायची नाही.

युद्धविराम २१ नोव्हेंबरला झाला. शेवटची माणसं सुटली १९६७ मध्ये! अनेकांना मधल्या काळात जहाजात बसवून चीनला पाठवलं. काहींनी तो देश कधी पाहिलाही नव्हता.

कुणी म्हणेल, युद्धात असं होतंच, आता कशाला उकरून काढता? मग अमेरिकेचं बघा. महायुद्धात त्यांनी सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं. लष्कर सांगत होतं, निष्ठावान कोण हे तपासायला वेळच नव्हता. चाळीसेक वर्षांनी आयको हर्झिग-योशिनागा या बाईंना सरकारी दप्तरात लष्करी अहवालाची मूळ प्रत सापडली. त्यात लिहिलं होतं की प्रश्न वेळेचा नव्हताच, या लोकांची पारख करणंच अशक्य आहे. बाकी प्रती जाळल्या होत्या, ही एक वाचली. अशाच कागदांच्या जोरावर १९८३ मध्ये कोरेमात्सूची जुनी शिक्षा रद्द झाली. १९८८ मध्ये सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचं ठरवलं.

एका कागदाची ताकद ही अशी असते.

आपल्याकडे काय आहे? माणसांच्या आठवणी. छावणीतच जन्मलेल्या जॉय मा आणि मुंबईचे दिलीप डिसोझा यांचं २०२० सालचं 'द देवलीवालाज' वाचा. पण आठवणींना सरकार 'ऐकीव' म्हणू शकतं, स्वतःच्या सहीच्या आदेशाला नाही.

१९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, माहितीचा अधिकार आहे. तरी १९६२ म्हटलं की हेंडरसन ब्रुक्स अहवालावरही कुलूपच. तो लष्करी म्हणून सोडून देऊ एकवेळ. पण तान्ह्या पोराला कुणाच्या सहीने आत ठेवलं, यात कसलं आलंय गुपित?

म्हणून मागणी साधी आहे. स्थानबद्धतेचे आदेश, छावणीची हजेरीपुस्तकं, मृत्यूच्या नोंदी, जप्त घरादारांच्या याद्या एकत्र करून खुल्या करा. माफीचं त्यानंतर बोलू.

तेव्हाची पोरं आज सत्तरीत आहेत. त्यांना आपलं नाव त्या कागदावर का आलं, एवढं तरी वाचू द्या.