ऐकू येते, पण कळत नाही

प्रहसनात बहिरे पात्र रंगभूमीवर आले की प्रेक्षागृहात हशा पिकतो. विचारावे एक आणि त्याने उत्तर द्यावे भलतेच. मग समोरच्याने त्याच्या कानाशी ओरडावे आणि त्याने दचकून मागे सरावे, हा ठरलेला क्रम असतो. घराघरांतूनही हाच प्रयोग चालू असतो. आजोबा "काय म्हणालास?" असे विचारतात, नातू आवाज चढवितो आणि आजोबा रागावून म्हणतात, "ओरडतोस कशाला?" हळू बोललेले ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललेले सोसत नाही, तेव्हा हा केवळ म्हातारपणाचा हट्ट आहे, असा निवाडा घरची मंडळी देऊन टाकतात. हा निवाडा अन्यायाचा आहे. दोष स्वभावाचा नसून कानाच्या आतल्या एका इवल्याशा नळीचा आहे.

या तक्रारीला वृद्धत्वच लागते असेही नाही. थोर संगीतकार बीथोव्हेन याने 1801 साली आपल्या एका डॉक्टर मित्रास पत्र लिहून आपली व्यथा कळविली, तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता. नाट्यगृहात नटाचे बोलणे समजण्यासाठी त्याला वाद्यवृंदाच्या अगदी निकट बसावे लागे. दूर बसल्यास वाद्यांचे आणि गळ्याचे उंच स्वर त्याच्यापर्यंत पोहोचत नसत. कोणी हळू बोलले तर नाद ऐकू येई, शब्द मात्र उमगत नसत; आणि कोणी ओरडले तर ते त्याला असह्य होई. ज्याचे सारे जीवन स्वरांत गुंतलेले, त्याची आणि घरातल्या आजोबांची तक्रार एकच असावी, यात नवल नाही.

ध्वनीच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळल्या की त्यामागील हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांतून कंप आत जातो. आत गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढे घेतलेली, द्रवाने भरलेली नळी असते. ती उलगडली तर जेमतेम 35 मिलिमीटर भरेल. तिच्यातील पातळ पडद्यावर सूक्ष्म केसांचे झुबके धारण करणाऱ्या सुमारे पंधरा हजार पेशी ओळीने बसलेल्या असतात. डोळ्यांतील प्रकाशग्राही पेशींची संख्या कोटींनी मोजावी लागते. कानाचा संसार मात्र एवढ्या थोडक्यात चालतो. या पडद्यावरून ध्वनीची लाट कशी धावते, हे गेऑर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. हंगेरीच्या टपाल व टेलिफोन खात्याच्या प्रयोगशाळेत काम करता करता त्याचे लक्ष यंत्राकडून कानाकडे वळले. मृत माणसांच्या कानांतील हा पडदा त्याने सूक्ष्मदर्शकाखाली हलताना पाहिला. उंच स्वराची लाट नळीच्या तोंडाशीच उसळून विरते, खर्जाची लाट पार टोकापर्यंत जाते, असे त्याला आढळले. या संशोधनाबद्दल त्याला 1961 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे प्रत्येक स्वराला त्या पडद्यावर आपापली जागा आहे. वय वाढते तशी पहिली झीज बहुधा उंच स्वरांच्या जागी होते. आणि बोलण्यातील स, श, च, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच उंच स्वरांवर अवलंबून असते. 'आ' किंवा 'ओ' हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. म्हणून 'शाळा' म्हटले तरी आजोबांना 'काळा' ऐकू येते. शिवाय या पेशींपैकी बहुसंख्य पेशींचे काम मंद ध्वनी वाढवून देण्याचे. त्या नष्ट झाल्या की कुजबुज लोपते, पण आरोळी पूर्वीइतकीच मोठी लागते. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, केवळ त्रास वाढतो. समोर बसून, ओठ दिसतील अशा उजेडात, सावकाश बोलणे हा त्याहून कितीतरी चांगला उपाय. पण तो करण्याइतका धीर फार थोड्यांपाशी असतो! चष्मा लावल्याने कोणाची मान खाली जात नाही, श्रवणयंत्र मात्र केसांआड लपविले जाते, यालाही तो प्रेक्षागृहातला हशाच कारण नाही का?

वृद्धत्व कोणास टाळता येत नाही. गोंगाट टाळता येतो. ग्लासगोचे कर्णरोगतज्ज्ञ टॉमस बार यांनी 1886 साली बॉयलर बनविणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. परीक्षेचे साधन होते खिशातले घड्याळ. टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, ते पाहावयाचे. त्या शंभरांत एकाचेही कान धड निघाले नाहीत. त्या कामगारांना निदान पोटासाठी ठोके सोसावे लागत होते. आज मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे मुले हौसेने नाचतात. 85 डेसिबेलच्या आवाजात आठ तास, ही सुरक्षिततेची सामान्य मर्यादा मानतात आणि आवाज तीन डेसिबेलने वाढला की ती मुदत निम्मी होते; या हिशेबाने 100 डेसिबेलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. पक्ष्यांच्या कानांत मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उगवतात, असे 1988 साली दिसून आले. माणसाला ही देणगी नाही.

मिरवणुकीहून परतलेल्या मुलाच्या कानांत रात्रभर गुणगुण होते. सकाळी ती थांबते आणि कान बरे झाले असे सारे समजतात. 2009 साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी या समजुतीला धक्का दिला. मोठ्या आवाजानंतर त्या उंदरांचे ऐकणे काही दिवसांत पूर्ववत झाले, पेशीही शाबूत दिसल्या. परंतु उंच स्वरांच्या भागात पेशींना मज्जातंतूंशी जोडणाऱ्या सांध्यांपैकी जवळजवळ निम्मे कायमचे तुटले होते. माणसाच्या बाबतीतही असेच घडत असावे, असा पुष्कळ शास्त्रज्ञांचा तर्क आहे. असा कान निवांत खोलीतल्या परीक्षेत उत्तीर्ण होतो. गजबजलेल्या वर्गात मात्र शेजारच्या मुलाने विचारलेला प्रश्न त्याला ऐकू येतो, पण कळत नाही.